डावीकडे डेव्हलपर, उजवीकडे हायपो

मालवणात आमच्या घराची खूण सांगताना जुनी माणसं अजून 'काचेच्या कौलांचा घर' म्हणतात. तिथे आता स्लॅब आहे. कोकणातल्या कौलारू घरात काचेचं कौल ही तशी नवलाची गोष्ट नाही. एक चुलीवर, एक देवघरावर, फार तर एखादं बाळंतिणीच्या खोलीत. दिवसाउजेडी दिवा लावायला लागू नये, एवढाच हेतू. आमच्या पुढच्या खोलीवर मात्र उत्तरेच्या पाख्याला अशी बावीस कौलं होती, दोन ओळींत. त्यांच्या खाली मांजरपाटाचा पांढरा पडदा दोरीवर सरकायचा. माझे आजोबा, ज्यांना आम्हीच काय पण सगळा बाजार आबा म्हणायचा, खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाकडे एकटक बघत ती दोरी असे खालीवर करायचे की वाटावं, माणूस विहिरीतून पाणी काढतोय. हा आमचा स्टुडिओ.

उत्तरेचा उजेड घ्यायचा, हे शहाणपण आबांचं नव्हे. युरोपातल्या चित्रकारांकडून ते फोटोग्राफरांनी उचललं, आणि पुस्तकांतून इथवर आलं. उत्तरेकडून ऊन थेट आत येत नाही, म्हणून उजेड दिवसभर एकसारखा, असा त्याचा हिशेब. पण ती पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या डोक्यावर सूर्य कधी आलेलाच नव्हता. मालवण १६ अक्षांशावर. मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य इथे अगदी माथ्यावर येतो आणि तिथून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भर दुपारी आमच्या उत्तरेलाच असतो. म्हणजे ज्या मे महिन्यात चाकरमानी गावात, लग्नांची गर्दी, ओट्यावर चपलांची रास, त्याच महिन्यात त्या बावीस कौलांतून ऊन सरळ नवरीच्या नाकावर. आबांनी यावर उपाय काढला तो माडाच्या झापांचा. एप्रिल संपला की गडी छपरावर चढायचा आणि काचेच्या कौलांवर विणलेली झापं टाकून यायचा. दुसरे फोटोग्राफर कमाई भिंगांवर घालत असतील, आमची झापांवर जायची.

कौलंसुद्धा तशी बाहेरूनच आलेली. मंगळुरात बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा पहिला कारखाना काढला आणि मग किनाऱ्याने गलबतं भरभरून ती वर आली. फोटोग्राफी त्याच्या जरा आधीची. १८३९ साली पॅरिसमध्ये ती जगजाहीर झाली आणि दुसऱ्या वर्षी कोलकात्यात कॅमेऱ्यांच्या जाहिराती लागल्या. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. तिच्या सुरुवातीच्या सभासदांत डॉ. नारायण दाजी होते, डॉ. भाऊ दाजी लाडांचे धाकटे बंधू. लाड मंडळी मूळची मांद्र्याची, म्हणजे वेंगुर्ल्याच्या खाली, तेरेखोलच्या पलीकडची. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामणांनी पुढे मुंबईत स्वतःचा धंदा थाटला. पोट भरण्यासाठी कॅमेरा हातात धरणाऱ्या पहिल्या काही हिंदी माणसांत ते होते. आबांना यातलं काहीही माहीत नव्हतं. ते मुंबईला गिरगावात एका फोटोग्राफरकडे फोटो धुण्याच्या रसायनांच्या डिश धुवायला लागले, सहा वर्षं डिश धुतल्या, आणि स्वातंत्र्याच्या आधी बोटीतून परत आले ते अर्ध्या प्लेटचा (हे काचेच्या निगेटिव्हचं एक माप) लाकडी कॅमेरा पोत्यात बांधून. भाऊच्या धक्क्यावर हमालाला तो उचलू दिला नाही, हे ते शेवटपर्यंत अभिमानाने सांगायचे.

त्या कॅमेऱ्यात माणसं उलटी दिसतात. मागच्या घासलेल्या काचेवर डोकं खाली, पाय वर. लहानपणी काळ्या फडक्यात डोकं घालून मी कितीतरी नवरानवरी छताला लटकलेली बघितली आहेत. हसू यायचं. आबा बाहेरून चिमटा काढायचे.

सुरुवातीला गिऱ्हाईक मिळेना. फोटोने आयुष्य कमी होतं, ही समजूत फक्त आमच्याकडचीच होती असं नाही. दादासाहेब फाळक्यांनी सिनेमाच्या आधी फोटोग्राफीचा धंदा केला होता, आणि कॅमेरा माणसातली शक्ती शोषून घेतो या अफवेने बडोद्यात त्यांचा स्टुडिओ बसला, असं त्यांच्या चरित्रात येतं. आमच्या गल्लीतली एक म्हातारी तर स्टुडिओसमोरून जाताना पदर तोंडावर घ्यायची. "माझो नको रे बाबा, आयुष्य खाता ता," म्हणायची. ती नव्वदीच्या पुढे जगली, आणि गेली तेव्हा मुलांकडे तिचा एकही फोटो नव्हता. मग आबांना बोलावणं आलं. तिला ओसरीवर खुर्चीत बसवलेलं, पाठीला उशी, कपाळाला ओढणीने खुर्चीशी बांधलेलं आणि वर पदर. असे फोटो त्या काळात खूप निघायचे. प्रिंटवर ब्रशने मिटलेले डोळे उघडून द्यायचे आबा वेगळे पैसे घ्यायचे. घ्यायचे म्हणजे दरपत्रकात तो आकडा होता. घेताना मी कधी बघितलं नाही.

आमच्या स्टुडिओत समुद्र नव्हता. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. चालत पाच मिनिटांवर बंदर, समोर सिंधुदुर्ग, बाहेरगावचे लोक हल्ली त्यासाठी हजारो रुपये मोजून येतात, आणि आमच्या तीन पडद्यांपैकी एकावरही लाट नाही, होडी नाही, माडसुद्धा नाही. एका पडद्यावर राजवाड्याचा खांब आणि जिना, दुसऱ्यावर बाग आणि कारंजं, तिसऱ्यावर बर्फाचे डोंगर. हे पडदे नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या एका पेंटरने कोल्हापुराहून रंगवून दिलेले. कोल्हापुरात ती कारागिरी होतीच. बाबूराव पेंटरसुद्धा सिनेमात येण्याआधी संगीत नाटकांचे पडदे रंगवायचे. रांपण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासळीचं मोठं जाळं, ओढून आलेला माणूस, पायाची वाळू ओट्यावर झटकून, त्या राजवाड्याच्या खांबाला टेकून उभा राहायचा. आबा म्हणायचे, समुद्र पाठीमागे घेऊन फोटो काढायची हौस त्याला, ज्याला रोज त्याच्यात उतरावं लागत नाही.

खुंटीला एक कोट होता. काळा, एकाच मापाचा. लहान माणसाला मागून कपड्यांचे चिमटे लावायचे, जाड्या माणसाला मागची शिवण उसवलेली होतीच. समोरून सगळे साहेब. त्या कोटातल्या माणसांचा कोणी हिशेब केला तर आमच्या तालुक्यातले निम्मे बाप्ये निघतील. बायकांसाठी असा काही कपडा नव्हता, पण एक खोटं घड्याळ होतं, काटे दहा वाजून दहा मिनिटांवर थांबलेलं, आणि ते मनगटावर दिसावं म्हणून प्रत्येक बाईचा डावा हात उजव्यावर.

हे फोटो भिंतीवर कमी लागायचे, पोस्टात जास्त पडायचे. नवरा गिरणीत, नाहीतर जहाजावर, बायको-पोरं इथे. मनिऑर्डर वरून खाली यायची आणि फोटो खालून वर जायचा. "पोरगो चलाक लागलो, ता तेंका दिसाक व्हया," असं सांगत बाई यायची. आता एका जागी थांबलेल्या फोटोत चालणं कसं दाखवायचं? आबा पोराला खुर्चीपासून दोन पावलं लांब, कशालाही न धरता उभं करायचे. बस. लालबागला दहा बाय दहाच्या खोलीत तो फोटो बघणाऱ्याला जे कळायचं ते कळायचं. मागे पोराची आई पडद्याआड उकिडवी बसलेली असायची, पडलंच तर धरायला. कितीतरी निगेटिव्हवर पडद्याच्या कडेला चार बोटं दिसतात. प्रिंट कापताना ती जायची.

एवढं झालं की खरं काम सुरू व्हायचं. लोकांना वाटतं फोटोग्राफरचं काम कॅमेऱ्यामागे. आबांचं आयुष्य गेलं ते खिडकीतल्या एका उतरत्या मेजावर. मेजाला मध्ये चौकोनी भोक, त्यात दुधी काच, खाली आरसा. आरसा खिडकीतला उजेड वर फेकायचा आणि काचेवर ठेवलेली निगेटिव्ह उजळायची. तिच्यावर टर्पेंटाइनमध्ये विरघळवलेली राळ चिंधीने इतकी पातळ पुसायची की दिसू नये, फक्त पेन्सिलीला पकड मिळावी. मग कडक शिशाची पेन्सिल, पॉलिश पेपरवर घासून सुईसारखी लांब केलेली. याला आमच्याकडे 'टचिंग' म्हणत. चेहऱ्यावरचा खड्डा फोटोत काळा दिसतो, म्हणजे निगेटिव्हवर तो काचेसारखा मोकळा असतो. त्या मोकळ्या ठिपक्यात बारीक बारीक पेन्सिल भरायची. भरून आजूबाजूच्या इतकी झाली की प्रिंटवर खड्डा गायब.

खड्डे पुष्कळ असायचे. देवीचे वण. आपल्या देशात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये सापडला आणि १९७७ साली देश देवीमुक्त जाहीर झाला, पण चेहऱ्यांवरून देवी इतक्या लवकर जात नाही. माझ्या थोरल्या आत्याला लहानपणी आल्या होत्या. ती लग्नाची झाली तेव्हा स्थळांना पाठवायला तिचा फोटो काढला, अर्थात बापानेच. ती अर्ध्या प्लेटची काच माझ्याकडे आहे. उजेडासमोर सरळ धरली तर एक गुळगुळीत चेहऱ्याची मुलगी दिसते. तीच काच जरा तिरकी करून तिच्या पाठीवरून उजेड सरपटू द्यायचा, की शिसं चमकायला लागतं. कपाळावर, गालांवर, नाकाच्या शेंड्याशी तर गर्दीच. ठिपके नाहीत ते, जवळून बघितलं तर एकेक बारका स्वल्पविराम आहे, शेपटीसकट. मी एकदा मोजायला घेतले. एका गालावरच चाळीसच्या पुढे गेल्यावर काच खाली ठेवली.

फोटो पसंत पडला. माणसं प्रत्यक्ष बघायला आली, पोहे खाल्ले, आत्याकडे बघितलं, पुन्हा एकमेकांकडे बघितलं. आठ दिवसांनी पाकिटातून फोटो परत. सोबत चिठ्ठी नाही. हे मला आजीने सांगितलं, आबा यावर कधी बोलले नाहीत. आत्याने लग्न केलं नाही. ती शिक्षिका झाली आणि शाळेच्या कागदपत्रांसाठी फोटोला बसली तेव्हा म्हणाली, "बाबानू, पेन्सिल नको." तो फोटोही आहे. सुंदर आहे, असं मला वाटतं, पण मी भाचा.

त्यानंतर आबांनी टचिंगचा एक नियम केला. चेहरा पूर्ण साफ करायचा नाही. दोन-तीन वण ठेवायचे, शक्यतो हनुवटीपाशी. गिऱ्हाइकाने तक्रार केली तर म्हणायचे, काच खराब लागली.

टचिंगमध्ये पेन्सिल कुठे चालत नाही तेही सांगतो, कारण त्यात फिल्मचा दोष होता आणि बोल आबांना लागला. जुन्या ऑर्थो फिल्मला लाल रंग दिसायचाच नाही. म्हणून तर लाल दिव्यात ती धुता यायची. पण याचा अर्थ लाल म्हणजे फोटोत काळं. नवरीचा लाल शालू काळा, ओठ काळे, कुंकू काळं. दशावतारातला एक स्त्रीपार्टी करणारा नट जत्रेतला रात्रीचा प्रयोग आटपून पहाटे तसाच, रंग न पुसता, साडी नेसलेला, सायकलवरून आमच्या दारात आला. उजाडेपर्यंत ओट्यावर विडी ओढत बसला. आबांनी फोटो काढला. चार दिवसांनी प्रिंट हातात घेऊन तो म्हणाला, "आबानू, रात्रभर मी राणी होतंय, हय म्हातारी कित्याक दिसतंय?" गालांना लावलेली लाली फोटोत खोल गेलेल्या गालांसारखी आली होती. आबांनी त्याला पुन्हा बोलावलं आणि लालीच्या जागी पांढऱ्या रंगात जरासा पिवळा मिसळून लावायला लावला. समोर बसलेला माणूस कावीळ झाल्यासारखा दिसत होता. फोटोत मात्र राणी.

पुढे पॅन फिल्म आली. तिला लालही दिसतं. म्हणजे चेहरे खरे येऊ लागले, आणि डार्करूममधला लाल दिवा फिल्म धुताना विझवावा लागला. पूर्ण काळोख. माझी गोष्ट त्या काळोखातली आहे.

मे १९८१. मी पंधरा वर्षांचा, दहावीची परीक्षा देऊन मोकळा. डार्करूम म्हणजे पूर्वीची आमची धान्याची खोली. दोन डिश शेजारी शेजारी. डावीकडे डेव्हलपर, उजवीकडे हायपो. डेव्हलपर प्रतिमा वर आणतो, हायपो उरलेली चांदी विरघळवून ती पक्की करतो. डेव्हलपर २० अंशांवर असावा लागतो, आणि मेमध्ये आमच्या विहिरीचं पाणीसुद्धा त्याहून गरम. म्हणून मासळीच्या बर्फाच्या कारखान्यातून लादीचा तुकडा आणून परातीत फोडायचा आणि डिश त्यात बसवायची. लग्नाचे फोटो आणि सुरमई एकाच बर्फावर, असं आजी म्हणायची. त्या दिवशी बर्फाची परात मोठी आली, डावीकडे मावेना, म्हणून मी ती उजवीकडे ठेवली आणि डेव्हलपरही उजवीकडे गेला. हायपो डावीकडे आला. हे मी स्वतः केलं, दिवा लागलेला असताना, डोळ्यांदेखत.

आबांनी शिकवलं होतं: काळोखात हाताला विचार. दोन्ही डिशमध्ये बोट बुडवून अंगठ्यावर चोळायचं. "बुळबुळीत ता डेव्हलपर." आबा जेवायला गेले होते. मला ते परत यायच्या आत फिल्म धुऊन दाखवायची होती. बोट बुडवलं नाही. एकशेवीसचा रोल, बारा फोटो, सकाळीच लग्न लागलेलं जोडपं. फिल्मची दोन टोकं धरून मी ती डावीकडच्या डिशमधून झोक्यासारखी खालीवर केली, मनात आकडे मोजत, मग उजवीकडच्या. दिवा लावला.

काच. म्हणजे फिल्म काचेसारखी स्वच्छ. एक रेघ नाही, एक डाग नाही. हायपोने आधीच सगळी चांदी धुऊन नेली होती, डेव्हलपरला वर आणायला काही उरलंच नव्हतं. मी ती दिव्यासमोर धरून कितीतरी वेळ बघत होतो, जणू जास्त बघितलं तर कुणीतरी दिसेल.

आबांनी बघितली, ओली फिल्म दोरीला चिमट्याने लावली, जशी रोज लावत तशी, आणि टोपी घातली. मला म्हणाले, चल. नवरीच्या घरी मांडव अजून तसाच होता. नवरीचा बाप तोंडाला येईल ते बोलला, आणि त्यात एकही शब्द गैर नव्हता. आबा हात जोडून उभे. "माझ्या हातसून झाला," एवढंच म्हणाले. मी त्यांच्या मागे, तोंड उघडलं नाही. आजही ते वाक्य आठवलं की मला त्यातला 'माझ्या' ऐकू येतो.

खरी अडचण पुढेच. नवरा गिरणीत, रजा चार दिवसांची, त्याच संध्याकाळी तो एसटीत बसला होता. परत येणार गणपतीला. आणि नवरीच्या सासूला फोटो हवा होता, लगेच, जोडीचा. जोडीचा फोटो नसेल तर लग्न लागलं हे मुंबईत चाळीत दाखवायचं कशाने?

आबांनी राजवाड्याचा पडदा लावला. त्याच्या बरोबर मधोमध तो रंगवलेला खांब. तिपाईचे तीन पाय जिथे टेकले तिथे जमिनीवर तेलरंगाने तीन फुल्या मारल्या. नवरीला खांबाच्या डावीकडे उभं केलं, शालू, मुंडावळ्या, सगळं. मग मला म्हणाले, तू उजवीकडे उभा राहा. नवरीने किती वळायचं, नजर किती उंच ठेवायची, हे कळायला शेजारी कोणीतरी हवं. मी उभा राहिलो. ती माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठी असेल. तिने माझ्याकडे बघितलं आणि तिला हसू फुटलं; मला घाम. "आता सरक," आबा म्हणाले. मी सरकलो, ती मात्र तशीच उभी राहिली, रिकाम्या जागेकडे किंचित वळून. क्लिक.

गणपतीत नवरा आला. त्याचा लग्नातला कोट उसना होता, तो परत गेलेला. खुंटीवरचा आमचा चढवला, मागे चार चिमटे. तीच तिपाई, त्याच फुल्या, तोच खांब. आता नवरीच्या जागी उभं राहायला पुन्हा मी. तो बिचारा पोरसवदा, मला म्हणाला, जरा हस की. मग मी बाजूला. क्लिक.

त्या रात्री आबांनी एन्लार्जरखाली एकाच ब्रोमाइड पेपरवर दोन निगेटिव्ह उतरवल्या. आधी अर्ध्या कागदावर काळा पुठ्ठा धरून नवरी, मग दुसऱ्या अर्ध्यावर पुठ्ठा धरून नवरा. पुठ्ठा स्थिर नाही धरायचा, सारखा किंचित हलवत राहायचं, म्हणजे सांध्याला रेघ येत नाही. सांधा खांबात लपला. लाल दिव्यात डेव्हलपरच्या डिशमध्ये आधी दोघांचे केस आणि तो कोट वर आला, काळे म्हणून, मग डोळे, आणि अगदी शेवटी तो खांब. सात कागद वाया गेले. आठव्यात दोघं शेजारी शेजारी होती, मध्ये तीन महिने, पण कुणाला दिसले असते? मला दिसायचे. नवरीच्या गालावर मेमधला घाम होता.

दोन्ही निगेटिव्ह आबांनी एका लिफाफ्यात घातल्या आणि लिफाफा डार्करूमच्या दाराला खिळ्यावर अडकवला. आत जाताना प्रत्येक वेळी माझ्या कपाळाला तो लागायचा. मी उंच झालो, मग नाकाला लागायला लागला.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. तो नवरा परत आला आणि पुन्हा गिरणीत गेला नाही. असे पुष्कळ आले. त्या एक-दोन वर्षांत आमच्याकडे जोडीचे फोटो कमी आणि पासपोर्ट साइज जास्त निघाले, कारण प्रत्येक अर्जाला फोटो. एकाच माणसाचे बारा-बारा, कात्रीने कापून. खुंटीवरच्या कोटाला त्या काळाइतकं काम आधी कधी नव्हतं.

बाकीचा इतिहास सगळ्यांच्या स्टुडिओचा आहे तोच, लांबवत नाही. रंगीत फिल्म आली. तिला ३७.८ अंशांचा डेव्हलपर लागतो, आणि अर्ध्या अंशाचीही चूक तिला चालत नाही. ते बर्फाच्या परातीचं काम नव्हे, म्हणून रोल एसटीच्या पार्सलने कोल्हापूरला जायचे आणि आठ दिवसांनी यायचे. आबांची पेन्सिल त्यावर चालेना. १९९३ मध्ये मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी फोटोच्या मतदार ओळखपत्रांचा आग्रह धरला आणि स्वतःचा फोटो कधीही न काढलेली माणसं रांगेत बसून काढून घेऊ लागली; ते फोटो कोणाचे होते हे त्या माणसांनाही ओळखता येईना. आबा ते कार्ड हातात घेऊन बराच वेळ बघत बसले होते. "देवीचे वण एकवेळ बरे," म्हणाले. दोन वर्षांनी ते गेले. त्यांचा स्वतःचा एकही बरा फोटो निघाला नाही. शेवटी आरशासमोर कॅमेरा साफ करतानाचा एक सापडला, तोच मोठा केला.

निगेटिव्हचं काय झालं, हे लिहायचं टाळत होतो. मालवणात पाऊस धो धो पडतो. फिल्मवरचा थर म्हणजे जिलेटिन, ते बुरशीचं आवडतं खाणं. आबा कपाटात ४० वॅटचा बल्ब बारा महिने लावून ठेवायचे. घर पाडून स्लॅब घालायचा ठरला त्या पावसाळ्यात पेट्या सात-आठ आठवडे पडवीत राहिल्या, बल्बाशिवाय. मी तेव्हा पुण्यात होतो, पण फोन करून विचारता आलं असतं. उघडल्या तेव्हा निम्म्या फिल्म एकमेकींना चिकटून विटेसारख्या झाल्या होत्या. एक भंगारवाला आला. तो फिल्ममधली चांदी काढणाऱ्यांना माल द्यायचा. किलोवर गेल्या. वजनकाट्यावर अख्खा तालुका. मी वेगळी काढली ती आत्याची काच, पडद्याच्या कडेला बोटं दिसणाऱ्या पाच-सहा फिल्म, आणि तो दारावरचा लिफाफा.

आता दुकान मी चालवतो. झेरॉक्स, लॅमिनेशन, आधारचे प्रिंट, अर्जंट पासपोर्ट आणि फ्लेक्स. गेल्या पावसाळ्याआधी एक मुलगा आला, पस्तीस-चाळिशीचा. वडील वारले होते. भरड नाक्यावर श्रद्धांजलीचा बॅनर लावायचा होता. मोबाइलमध्ये वडिलांचे फोटो होते, पण सगळे आजारपणातले. घरात भिंतीवरचा एक जुना होता तो घेऊन आला होता. आईबाबांच्या लग्नाचा. "ह्यातलो फक्त बाबांचो काढून द्या. आई हयात आसा, तिचो नको."

राजवाड्याचा खांब मी फ्रेम हातात घेण्याआधीच ओळखला.

असं वेगळं काढायला कॉम्प्युटरवर दहा मिनिटं लागतात. कोटाची कड कापायची, मागे निळं आभाळ भरायचं. मी आत गेलो आणि लिफाफा काढला. निगेटिव्ह स्कॅन केली, उलटी केली, आणि स्क्रीनवर तो आला, एकटा. खांबाच्या उजवीकडे, चिमटे लावलेल्या कोटात, मान किंचित डावीकडे, आणि ओठांवर हसू आवरल्याची खूण. डावीकडे रिकामा राजवाडा. जिथे मी उभा होतो.

मुलगा स्क्रीनकडे बघत राहिला. भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं, पुन्हा स्क्रीनकडे. "तुमी इतक्या बेगीन आईक पुसलात कसा?"

मी काय सांगणार होतो कोण जाणे. त्याची आई ओट्यावरच्या खुर्चीत बसली होती, पावसाचा अंदाज घेत. ती उठून आत आली, चष्मा वर सरकवून तिने स्क्रीन बघितला.

"पुसूक नाय," ती म्हणाली. "ह्यांचो गणपतीतलो फोटो. माझो मे म्हयन्यातलो."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बर्फ खय ठेवतास आता?"